स्पेशल नीड्स असलेलं मूल शाळेत जायला तयार नाही: गोव्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेशल नीड्स असलेल्या मुलांच्या पालकांना शाळेच्या हजेरीवरून जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र लिहितेय. मी स्वतः एका ऑटिस्टिक मुलाची आई, आम्ही डिचोली तालुक्यातले, मुलगा आता हायस्कूलला आहे आणि मधली काही वर्षं अशी होती की आज शाळा होणार की नाही ते सकाळी युनिफॉर्म हातात घेतल्यावरच कळायचं. त्यामुळे यातलं थोडं अनुभवातलं, थोडं कायदा वाचून समजलेलं आणि बरंचसं दुसऱ्या पालकांशी बोलून जमलेलं. माझं म्हणणं मुळात एकच आहे, हजेरीच्या आकड्यामागे आधी धावू नका, मूल शाळेतल्या नेमक्या कशाला घाबरतंय ते शोधा, ते हललं की हजेरी सुधारते, आणि तोपर्यंत शाळेशी संबंध काही झालं तरी तुटू देऊ नका.

सकाळी शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणते, रडते, कधी उलटी पण होते. घरचे म्हणतात नाटक करते. खरंच नाटक असतं का?

नाही. भीतीने पोटात खरंच दुखतं, मोठ्या माणसांना पण इंटरव्ह्यूच्या दिवशी दुखतंच की. शनिवारी दुखत नाही आणि सोमवारी दुखतं म्हणजे खोटं असा अर्थ घरात काढला जातो, पण त्याचा खरा अर्थ असा की दुखण्याचं कारण शाळेच्या दिवसात आहे, आणि ही उलट कामाची माहिती आहे.

पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सगळं भीतीवर ढकलू नका. ज्या मुलांना नीट सांगता येत नाही त्यांच्यात बद्धकोष्ठ, किडलेली दाढ, कानाचं इन्फेक्शन, चष्म्याचा नंबर असल्या साध्या गोष्टी महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि मूल फक्त "जायचं नाही" एवढंच म्हणत राहतं. फिट्सची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर सकाळी गुंगी राहते का तेही विचारा, कधी कधी गोळीची वेळ बदलून सुद्धा फरक पडतो, पण ते डॉक्टरांनीच करायचं, आपल्या मनाने नाही.

तो काहीच सांगत नाही. मग कारण शोधायचं कसं?

एक वही करा. रोज दोन ओळी, जास्त नको, नाहीतर आठ दिवसांत कंटाळा येऊन सुटते. आज गेला की नाही, गेला तर कसा गेला, आल्यावर कसा होता, त्या दिवशी टाइमटेबलला काय होतं, आदल्या रात्री झोप कशी झाली. महिनाभराने पाहिलं की काहीतरी दिसायला लागतं. एका आईला असं दिसलं की मुलगी फक्त पीटीच्या दिवशी अडून बसते, आणि पीटीत अडचण खेळाची नव्हतीच, कपडे बदलताना सगळ्यांसमोर बदलायला लागायचे ती होती. युनिफॉर्मखाली पीटीचे कपडे घालून पाठवले, बाईंना सांगून ठेवलं, आणि ते दिवस सुरळीत झाले.

ज्याला बोलून सांगता येत नाही त्याच्यासोबत शाळेचा नकाशा काढा. कागदावर गेट, वर्ग, हॉल, संडास, नळ, ग्राउंड, बालरथ म्हणजे शाळेची बस, आणि त्याला रंग द्यायला सांगा, बरं वाटतं तिथे हिरवा, नाही वाटत तिथे लाल. आमच्याकडे हॉल पूर्ण लाल झाला होता. प्रार्थना तिथे व्हायची, वर पत्रे, आणि जूनमध्ये पाऊस लागला की पत्र्यांवर इतका आवाज की माइकवरचं कोणालाच ऐकू येत नाही म्हणून माइक अजून मोठा करायचे. हा रांगेत दोन्ही कानांवर हात दाबून खांदे वर घेऊन उभा, आणि मागून कोणीतरी "हात खाली" म्हणून ओरडणार. शाळेने एवढंच मान्य केलं की पावसाच्या महिन्यांत प्रार्थना संपेपर्यंत त्याने लायब्ररीत बसायचं आणि पहिल्या तासाला वर्गात जायचं. सकाळचा निम्मा त्रास तिथेच संपला.

आणि संडास बघून या, स्वतः जाऊन, पीटीए मीटिंगच्या दिवशी. कडी लागत नाही, पाणी नाही, वास येतो, मोठी मुलं दारावर लाथा मारतात, यातलं काहीही असलं की मूल दिवसभर पाणीच पीत नाही आणि लघवी धरून बसतं. शाळेतून आल्या आल्या बाथरूमला धावणारं मूल असेल तर हा प्रश्न आधी विचारा. मधल्या वेळच्या जेवणाचा वास, डेस्कवर शेजारी कोण बसतं, पंख्याचा खरखराट, नवीन आलेल्या टीचरचा आवाज, हे सगळं आपल्याला किरकोळ वाटतं पण त्यांना नसतं.

चिडवणं, मारणं, डबा काढून घेणं हे पण सरळ विचारा, पण "तुला कोणी मारतं का?" असं नको, "मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस, कोणासोबत असतोस?" असं. आणि मारणारा मोठा माणूस निघाला तर तिथे समजुतीने घ्यायचा विषयच नाही, शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला गोवा बाल कायदा 2003 आणि शिक्षण हक्काचा म्हणजे आरटीई कायदा 2009 दोन्हीत बंदी आहे, आरटीईत मानसिक छळ सुद्धा धरलेला आहे.

शाळा म्हणते, "इथे तर तो एकदम व्यवस्थित असतो, प्रॉब्लेम तुमच्या घरातच आहे."

हे ऐकून फार लागतं, मला माहीत आहे. दोन्ही खरं असू शकतं. बरीच मुलं, विशेषतः मुली, शाळेत पूर्ण वेळ स्वतःला आवळून धरतात, बाकीच्यांचं बघून बघून तसंच करतात, आणि घरी पाय ठेवला की फुटतात, दप्तर भिरकावतात, तासभर रडतात, जेवत नाहीत. शाळेला फक्त शांत मूल दिसतं. टीचर खोटं बोलत नसतात, त्यांना दुसरी बाजू बघायलाच मिळत नाही. म्हणून वाद घालण्यापेक्षा घरी आल्यानंतरचा एखादा छोटा व्हिडिओ, तो पण मुलाची लाज जाईल असा नको, किंवा वहीतल्या ओळी दाखवा. आमच्या टीचरनी वही वाचली आणि स्वतःहून म्हणाल्या की हो, शेवटच्या तासाला तो बोलणं बंद करतो, मला वाटायचं दमला असेल.

चौथीपर्यंत छान जात होता. पाचवीपासून सगळं बिघडलं. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर आपल्या गोव्याच्या शाळांच्या रचनेत आहे. चौथीपर्यंत वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा, मराठी किंवा कोंकणी माध्यम, पटावर मोजकी मुलं, एक किंवा दोन बाई, त्या बाई मुलाच्या आजीला पण ओळखतात. मूल उठून व्हरांड्यात फेरी मारून आलं तरी कोणाचं काही जात नाही. पाचवीला तेच मूल एकदम हायस्कूलमध्ये जातं, तिथे इमारत मोठी, वर्गात मुलं जास्त, दर तासाला घंटा आणि नवीन टीचर, आणि त्यात बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी होतं. ज्या मुलाला मराठीतली सूचना समजायलाच दोन सेकंद जास्त लागतात त्याला सायन्स, मॅथ्स, सोशल सगळं एकाच दिवशी इंग्रजीतून सुरू. शिवाय जायचं कसं तर बसने, म्हणजे सकाळ पण लवकर. एकाच वेळी इतकं बदलल्यावर मूल घरात दार लावून बसतं यात मला नवल वाटत नाही, जी मुलं टिकतात त्यांचंच कौतुक वाटतं.

म्हणून मूल तिसरी-चौथीत असेल तर आत्तापासून तयारी करा. चौथीच्या दुसऱ्या सत्रात नवीन शाळा दोन-तीनदा दाखवून आणा, एकदा रिकामी असताना, एकदा मुलं असताना. गेट, वर्ग, संडास, पाण्याचा नळ यांचे फोटो काढून छोटं पुस्तक करा आणि मे महिन्याच्या सुट्टीत रोज बघा. प्राथमिक शाळेच्या बाईंना विनंती करा की मुलाबद्दल एक पान लिहून द्या, त्याला काय जमतं, काय झालं की बिथरतो, बिथरला की काय केलं तर शांत होतो. त्या एका पानाचा उपयोग जाड रिपोर्टच्या फाइलपेक्षा जास्त होतो कारण टीचर ते खरंच वाचतात. माध्यमाबाबत माझं मत स्पष्ट आहे, ज्या मुलाला भाषेतच अडचण आहे त्याच्यासाठी जवळपास मराठी माध्यमाचं हायस्कूल असेल तर शेजारीपाजारी काय म्हणतील हे बाजूला ठेवून आधी तिथे चौकशी करा. आणि भाषांचा भार कमी करता येतो, दिव्यांग मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये आहे, तिचा अर्ज शाळेमार्फत करा.

हजेरी कमी पडली तर शाळा नाव काढू शकते का?

आठवीपर्यंत नाही. आरटीई कायद्यात स्पष्ट आहे की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करायची मुभा राज्यांना दिली, पण शाळेतून काढायची मुभा तेव्हाही दिली नाही. कायद्यातला "सक्तीचं" हा शब्द ऐकून पालक घाबरतात, पण ती सक्ती मुख्यतः सरकारवर आहे, प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं बघायची जबाबदारी सरकारची. मुलाची हजेरी कशी आहे, प्रगती कशी आहे हे पालकांना बोलावून सांगणं हे शिक्षकांच्या कर्तव्यांत लिहिलेलं आहे, म्हणजे हजेरीबद्दल बोलायला तुम्ही गेलात तर तुम्ही कोणावर उपकार मागत नाही आहात.

नववीपासून बोर्डाच्या परीक्षेसाठी हजेरीचा नियम लागतो, तिथे निष्काळजीपणा नको. प्रत्येक आजारपणाचं, थेरपीचं, हॉस्पिटलचं कागद जपून ठेवा आणि त्या त्या वेळी शाळेत देऊन पोच घ्या, मार्च महिन्यात सगळे गोळा करायला गेलात तर कोणी ऐकत नाही. शाळा एखादा नियम तोंडी सांगत असेल तर शांतपणे म्हणा, "सर, ते सर्क्युलर मला बघायला मिळेल का?"

आमच्यावर पोलीस केस, दंड असं काही होतं का?

परदेशातल्या बातम्या वाचून हे विचारतात. आरटीई कायद्यात मूल गैरहजर राहिलं म्हणून पालकांना दंड नाही. निश्चिंत राहा आणि ती शक्ती शाळेशी बोलण्यात घाला.

हेडमास्तरांकडे जाऊन काय मागायचं? दरवेळी "बघूया" म्हणतात.

तोंडी बोला, पण त्याच दिवशी घरी येऊन लिहून द्या. साधं पत्र पुरतं. "माननीय मुख्याध्यापक, माझी मुलगी इयत्ता सहावी अ मध्ये आहे. तिला ऑटिझम आहे, सर्टिफिकेटची प्रत जोडली आहे. गेल्या दोन महिन्यांत तिला शाळेत यायला त्रास होतोय. आज आपलं जे बोलणं झालं त्याप्रमाणे पुढील सोयी सोमवारपासून कराव्यात ही विनंती. महिन्याने आपण परत भेटून कसं चाललंय ते बघू." एवढंच. खाली काय मागताय ते लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. भांडणाची भाषा नको, पण "जमल्यास" हा शब्द पण नको.

काय मागायचं ते मुलावर अवलंबून आहे, सगळ्यांना एकच यादी चालत नाही. प्रार्थनेला सूट, दारापासून लांब किंवा दाराजवळची ठराविक जागा, घंटेच्या पाच मिनिटं आधी वर्गातून निघायची परवानगी, संडासला विचारल्याशिवाय जायची मुभा, हेडफोन, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी फोटो, कमी होमवर्क, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळेतलं एक माणूस. एकच. ज्याच्याकडे ते मूल घाबरलं की जाऊ शकतं, मग ते पीटीचे सर असोत की ऑफिसातल्या प्यून मावशी. बऱ्याच हायस्कूलना गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून काउन्सेलर मिळालेले आहेत, तुमच्या शाळेला कोण आणि कुठल्या दिवशी येतात ते विचारा. स्पेशल एज्युकेटर आणि रिसोर्स रूमची चौकशी सरकारच्या समग्र शिक्षा योजनेच्या तालुक्याच्या बीआरसीत, म्हणजे ब्लॉक रिसोर्स सेंटरमध्ये, करा. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक स्पेशल एज्युकेटर असं प्रमाण सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलं आहे, त्यामुळे "आमच्याकडे तशी सोय नसते" हे उत्तर शेवटचं धरू नका.

या सोयींना कायद्यात आधार आहे. 2016 च्या कायद्याचं कलम 16 वाचा, शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे योग्य त्या सोयी करायच्या, त्याचा सहभाग आणि प्रगती यावर लक्ष ठेवायचं, प्रवासाची सोय बघायची, सगळं तिथे आहे. पहिल्या भेटीत कलमं फेकू नका मात्र. बरेच टीचर मनाने चांगले असतात, त्यांना काय करायचं ते कोणी शिकवलेलं नसतं एवढंच.

शाळा सांगते "थोडे दिवस घरीच ठेवा" किंवा "फक्त दोन तास पाठवा". ऐकायचं का?

यात फरक करायला शिका. घाबरलेल्या मुलाला हळूहळू परत आणायचं म्हणून दोन तास ठरवले, पुढच्या आठवड्यात तीन, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण, तारखा लिहिलेल्या, कोण घेणार कोण सोडणार ठरलेलं, तर ते चांगलंच आहे आणि तुम्ही स्वतः मागायला पाहिजे असं आहे. पहिले काही दिवस तर नुसतं गेटपर्यंत जाऊन येणं, मग रिकाम्या वर्गात बसणं, मग आवडत्या टीचरचा एक तास, इतक्या बारीक पायऱ्या पण चालतात, आणि पायरी जमली की दोन-तीन दिवस तिथेच थांबायचं, घाई नको.

पण "इन्स्पेक्शन आहे उद्या, आणू नका", "गॅदरिंगला नको", "टीचर रजेवर आहे, सांभाळायला कोणी नाही" असं वरचेवर होत असेल तर ती सोय नाही, मुलाला बाहेर ठेवणं आहे, आणि वर त्या दिवसांची गैरहजेरी मुलाच्याच नावावर लागते. असा फोन आला की लगेच व्हॉट्सॲपवर लिहा, "सर, आपण आज फोनवर सांगितल्याप्रमाणे उद्या त्याला पाठवत नाही, ही रजा शाळेच्या सांगण्यावरून आहे याची नोंद घ्यावी." अनेकदा एवढ्यानेच फोन यायचे बंद होतात. मला हे पालकांना सांगताना प्रत्येक वेळी राग येतो कारण मुलाला सगळं समजतं, आपण सोडून बाकी सगळे आज शाळेत आहेत हे त्याला पक्कं माहीत असतं.

थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा अर्धी शाळा बुडते. काय करू?

सत्तरी, सांगे, काणकोणच्या लोकांना हा प्रश्न जास्त, कारण बरीच सेंटर पर्वरी, पणजी, म्हापसा, मडगावकडे. वाळपईहून पर्वरीला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. थेरपिस्टना सांगा की शाळा पण महत्त्वाची आहे, शनिवारचा किंवा दुपारचा स्लॉट मागा, आणि दर भेटीला "घरी रोज काय करू" ते लिहून घ्या, म्हणजे भेटी कमी करता आल्या तर करता येतील. शाळेत सेंटरची चिठ्ठी देऊन ठेवा. आणि एक विचारून बघा, थेरपीच्या दिवशी मूल आधी शाळेत आणि मग थेरपीला जातं का. उलट केलं तर बरीच मुलं थेरपीनंतर दमतात आणि परत शाळेत जायला बघत नाहीत.

बालरथात चढायला तयार नाही. मी रोज स्कूटरवर नेऊ शकत नाही.

बालरथाच्या अटेंडंटशी ओळख करून घ्या, हे काम हेडमास्तरांपेक्षा तिथेच होतं. पुढची ठराविक सीट, खिडकीजवळ, रोज तीच. स्टॉपवर हॉर्न वाजवू नका असं ड्रायव्हरला सांगितलं तर बहुतेक ऐकतात. रविवारी शाळेच्या रस्त्याने एक फेरी मारून कुठल्या स्टॉपनंतर कुठला स्टॉप ते मुलाला दाखवा. तरी जमलं नाही तर समग्र शिक्षामध्ये प्रवास भत्ता आणि सोबत जाणाऱ्या माणसाचा भत्ता अशी तरतूद आहे, बीआरसीत नाव नोंदवा.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर परत शून्यापासून सुरू करावं लागतं!

सगळ्यांकडे तेच. घरात माणसं, आरत्या, फटाके, रोजचं जेवण वेगळं, झोपायची वेळ नाही, आणि एक दिवस अचानक परत सहाला उठा. सुट्टी संपायच्या तीन दिवस आधीपासून उठायची वेळ शाळेची करा, एकदा युनिफॉर्म घालून बघा, शाळेवरून एक चक्कर मारा. कॅलेंडरवर मुलाच्या हाताने सुट्टीचे दिवस खोडायला लावा. टीचरना आधीच मेसेज करा की पहिल्या दिवशी गेटवर कोणीतरी थांबा. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीला पण असंच. आणि मुसळधार पावसाने सकाळी अचानक सुट्टी जाहीर होते तेव्हा ज्या मुलांना ठरलेलं बदललेलं सहन होत नाही त्यांचा दिवस बिघडतो, म्हणून पावसाळ्यात "आज शाळा, पण पाऊस जास्त असेल तर घर" अशी दोन चित्रं आदल्या रात्रीच दाखवून ठेवा.

घरी राहिला तर दिवसभर मोबाईल देऊ की नको?

शाळेच्या वेळात नको. शिक्षा म्हणून नाही, घरातला दिवस शाळेपेक्षा फार मजेचा होऊ नये एवढ्यासाठी. सकाळी वेळेवर उठणं, आंघोळ, थोडं पुस्तक, घरातलं काम, मधली सुट्टी पण शाळेच्याच वेळेला. पण ज्या दिवशी मूल खरंच कोसळलेलं आहे त्या दिवशी हा नियम पाळत बसू नका, त्याला निजू द्या.

सर्टिफिकेट असल्याशिवाय शाळा काही करतच नाही का?

मदत लगेच सुरू व्हायला सर्टिफिकेटची वाट बघायची गरज नाही, थेरपिस्टचं किंवा बालरोगतज्ज्ञांचं पत्र घेऊन जा. पण सर्टिफिकेट काढाच. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, लर्निंग डिसॅबिलिटी सगळं आलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, त्या यादीत नाही, पण एडीएचडीसोबत लर्निंग डिसॅबिलिटी बऱ्याच मुलांना असते म्हणून तपासणी करून घ्या, ती साधारण तिसरीच्या सुमाराला होते. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी बांबोळीला जीएमसीत किंवा म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात. 40 टक्के किंवा जास्त असेल तर बेंचमार्क डिसॅबिलिटी, आणि मग 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, परीक्षेत जास्त वेळ, रायटर वगैरे. बोर्डाच्या सवलतींसाठी दहावीच्या वर्षाची वाट बघत बसू नका. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामया हेल्थ इन्शुरन्स बघा, एक लाखापर्यंत असते आणि थेरपीचा खर्च पण त्यात धरतात.

"शिक्का लागेल" म्हणून थांबणाऱ्या पालकांना एवढंच सांगते, शिक्का वर्गातल्या मुलांनी केव्हाच लावलेला असतो, "येडा", "स्लो" असा. डॉक्टरांचा कागद त्यापेक्षा कितीतरी बरा, त्यावर काहीतरी मिळतं तरी.

स्पेशल स्कूल, घरी शिक्षण की एनआयओएस?

आधी नेहमीच्या शाळेत वरचं सगळं मनापासून करून बघा. पण मूल तिथे रोज तुटत असेल तर स्पेशल स्कूल म्हणजे हार नाही. पर्वरीचं संजय स्कूल, फोंड्याला ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान अशा संस्थांत जाऊन एक दिवस बसून बघा, वेबसाइट बघून ठरवू नका. तीव्र किंवा बहुदिव्यांगता असलेल्या मुलांना घरी शिक्षण घ्यायचा हक्क आरटीईच्या 2012 च्या दुरुस्तीने दिला, पण तो पर्याय निवडायचा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे, शाळेने सुचवून गळ्यात मारायचा नाही. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, तिथे विषय कमी, स्वतःच्या गतीने पेपर देता येतात, बऱ्याच मोठ्या मुलांना तो मार्ग मानवतो. फक्त एक सांभाळा, दुसरीकडे प्रवेश पक्का झाल्याशिवाय इथला दाखला काढू नका. नाव पटावर असलेलं मूल परत येऊ शकतं, दाखला काढलेल्या मुलासाठी परत सगळी दारं ठोठवावी लागतात.

शाळा काहीच ऐकत नाही. पुढे कुठे जायचं?

आधी शाळेचा मॅनेजर किंवा सरकारी शाळा असेल तर स्कूल मॅनेजमेंट कमिटी, तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. मग तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी, मग पर्वरीचं शिक्षण संचालनालय. भेदभाव आहे असं वाटत असेल तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि मारहाण, छळ असं असेल तर बाल हक्क संरक्षण आयोग, तातडीचं असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. प्रत्येक ठिकाणी आधीच्या पत्रांच्या शिक्का मारलेल्या प्रती लागतात, म्हणून मघाशी पोच घ्या म्हटलं.

मी स्वतः दमलेय. नोकरी, घर, हा, आणि सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलाय.

सासूबाईंना थेरपीला एकदा सोबत न्या, आपलं जे ऐकत नाहीत ते डॉक्टरांचं ऐकतात. केंद्राच्या नियमांप्रमाणे सरकारी नोकरीतल्या आयांना 730 दिवसांची चाइल्ड केअर लीव्ह असते आणि दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही, ऑफिसात विचारा. सकाळची लढाई रोज एकट्या आईने लढायची नाही, आठवड्यातले दोन दिवस बाबांनी किंवा आजोबांनी सोडायला जायचं, बऱ्याचदा मूल त्यांच्यासोबत कमी अडतं. झोप लागत नाही, सारखं रडू येतं असं झालं असेल तर 14416 ला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे, आणि मुलासाठी नाही तर स्वतःसाठी करा.

वर्ष कसंबसं निघालं. पुढच्या वर्षी परत हेच नको, आता काय करू?

शाळा सुटायच्या आधीच्या पंधरवड्यात क्लासटीचरना भेटा आणि त्यांच्याकडूनच लिहून घ्या, यावर्षी कुठल्या सोयी केल्या आणि कशाचा उपयोग झाला. पुढच्या वर्षीचे क्लासटीचर कोण ते जूनपर्यंत न थांबता विचारा, जमलं तर त्याच तुकडीत तो एक मित्र राहील असं बघायला सांगा, आणि ते पान नवीन टीचरना पहिल्या दिवसाच्या आधी हातात द्या. वरचे वर्ग आता एप्रिलमध्येच सुरू होतात, त्यामुळे हे काम मार्चमध्ये करायचं, मे महिन्यावर टाकू नका.